‘बोबास’ : एका बिशपाच्या खलित्यातील शब्द

गालापागोसच्या सागरसफरीला निघालेला प्रवासी डार्विनचे स्मरण करीतच बोटीवर चढतो. परंतु गेली कित्येक वर्षे माझ्या मनात घर करून बसलेला पुरुष म्हणजे डार्विनच्या तीनशे वर्षे आधी, तोही वारा पडल्यामुळे निरुपायाने, या बेटांना लागलेला पनामाचा बिशप फ्राय तोमास दे बेर्लांगा. पिझारो आणि आल्माग्रो या स्पॅनिश सरदारांचा कज्जा मिटवावा म्हणून बादशहा पाचव्या चार्ल्सच्या हुकुमाने पेरूकडे निघालेले त्याचे जहाज मार्च १५३५ मध्ये प्रवाहाबरोबर भरकटले, आणि २६ एप्रिल रोजी त्याने बादशहास जो खलिता धाडला, तोच या बेटांविषयीचा आद्य दस्तऐवज होय.

त्यातील तहानेचा वृत्तांत विलक्षण आहे. खणलेल्या विहिरीला समुद्राहूनही खारट पाणी लागले, तेव्हा निवडुंग पिळून निघालेले, राखेच्या धुवणासारखे दिसणारे पाणी ही मंडळी गुलाबपाणी समजून प्यायली. माणसाला पाठीवर वाहून नेतील अशा कासवांची, सापासारख्या इग्वानांची नोंद बिशप करतो. आणि हातांनी सहज धरता येणाऱ्या, पळणे न जाणणाऱ्या पाखरांसाठी तो शब्द योजतो ‘बोबास’, म्हणजे मूर्ख. ‘बूबी’ या पक्ष्याच्या नावाचे मूळही याच स्पॅनिश शब्दात आहे.

या शब्दाशी माझे भांडण आहे. एस्पान्योला बेटावर पायवाटेच्या मधोमध, स्वतःच्या शिटेच्या पांढऱ्या कड्यात, निळ्या पायांची बूबी अंडी उबवीत बसली होती. वाटाड्याने आम्हांस वळसा घालावयास लावले, तिने मात्र पिवळा डोळा आमच्यावर रोखण्यापलीकडे हालचाल केली नाही. पुढे वाळूवर ठेवलेल्या बाटलीचे झाकण एक मॉकिंगबर्ड कितीतरी वेळ टोचीत राहिला. या बेटावर गोडे पाणी जवळजवळ नाहीच.

मुख्यभूमीपासून सुमारे १००० किलोमीटर दूर, तिच्याशी कधीही न जोडल्या गेलेल्या या ज्वालामुखीजन्य भूमीवर मोठे हिंस्र सस्तन प्राणी पोहोचलेच नाहीत. जो शत्रू पिढ्यान्‌पिढ्या दिसलाच नाही, त्याचे भय बाळगून उडण्यात शक्ती का वेचावी? बाजाचे भय मात्र येथे आहे, आणि सागरी इग्वाना स्वतः मुके असूनही मॉकिंगबर्डची बाजाविषयीची इशारत ऐकून सावध होतात. यांस मूर्ख म्हणणे हा उघड अन्याय आहे.

आणि त्या अन्यायाची किंमत प्राण्यांनी मोजली. अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने जगणारी कासवे देवमाशांच्या शिकाऱ्यांनी जिवंतच जहाजांच्या तळघरांत रचली. एकंदर हानी लाखाच्या वर गेली असावी असा अंदाज आहे. पिंटा बेटाच्या वंशातील शेवटचे ज्ञात कासव, ‘एकाकी जॉर्ज’, २४ जून २०१२ रोजी निवर्तले.

१९५९ साली येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. प्रवाशाने प्राण्यापासून दोन मीटर दूर राहावे, असा आता नियम आहे. पाखरू आपण होऊन जवळ येईल. वाचकहो, तेथे गेलात तर तेव्हा मागे तुम्ही सरा.