भरलेलं सिलिंडर आणि पाच किलोचं डंबेल

आमच्या सोसायटीत गॅसचं सिलिंडर दारात ठेवून माणूस निघून गेला, की ते आत न्यायचं काम बहुतेक घरांत बाईच करते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजनही जवळपास तेवढंच, म्हणजे एकूण ३० किलोच्या आसपास. ती ते तिरकं करते, बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत ओट्याखाली नेते आणि पुन्हा पोळ्या लाटायला लागते. त्याच बाईला म्हणावं, "वजनांचा व्यायाम सुरू कर," की उत्तर ठरलेलं असतं : "नको गं बाई, मला कुठे पैलवान व्हायचंय?"

सहा वर्षांपूर्वी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, माझंही उत्तर हेच होतं. भीती खरी होती, पण तिच्यामागची माहिती चुकीची होती. आज मैत्रिणी, वहिनी, शेजारच्या काकू मला तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

"बायकांचे दंड पुरुषांसारखे होतात"

स्नायू मोठे व्हायला टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक फार मदत करतं. प्रौढ पुरुषाच्या रक्तात ते स्त्रीच्या तुलनेत साधारण दहा ते वीस पट असतं. स्पर्धेतल्या शरीरसौष्ठवपटूंचे दंड दिसतात, त्यामागे कित्येक वर्षांचा रोजचा व्यायाम आणि मोजूनमापून घेतलेला आहार असतो. काही वेळा औषधंही असतात. आठवड्यातून दोन-तीनदा डंबेल उचलून चुकून तसं शरीर होत नाही.

मीराबाई चानूकडे बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने ४९ किलो वजनी गटात रौप्यपदक मिळवलं, तेव्हा दोन प्रकार मिळून तिने २०२ किलो उचलले. त्यांतला एकच भार ११५ किलोचा, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. आणि त्या गटात राहायचं तर तिला ४९ किलोच्या वर जाऊनच चालणार नव्हतं. ताकद म्हणजे नुसता स्नायूंचा आकार नव्हे. सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत जी ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिकण्यामुळे : मेंदू एकाच वेळी जास्त स्नायूतंतू कामाला लावायला शिकतो. मला हे लोणच्याच्या बरणीवर कळलं. दुसऱ्या महिन्यात आरशात काडीचा फरक नव्हता, पण जे झाकण उघडायला मी मुलाला हाक मारायची, ते एका हिसक्यात निघालं.

"अंग दुखलं नाही, म्हणजे व्यायाम झालाच नाही"

ही समजूत मला महागात पडली. पहिल्या जिममध्ये पहिल्याच दिवशी माझ्याकडून शंभराच्या वर बैठका काढून घेतल्या. पुढचे चार दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला, आणि मी जिम सोडलं ते दोन महिन्यांसाठी. नवीन व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू थोडे ठणकणं स्वाभाविक आहे. ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे होतं, असं सर्रास सांगतात. तेही खरं नाही. ते तर व्यायामानंतर तासाभरात निवळतं. ठणका हा स्नायूंना सवय नसलेल्या कामामुळे झालेल्या सूक्ष्म इजांचा आणि त्या भरून येण्याचा असतो. सवय झाली की दुखणं कमी होतं, फायदा मात्र चालूच राहतो. सांध्यात टोचल्यासारखी किंवा एकदम कळ आली, तर मात्र तिथेच थांबायचं.

"पाठ जाते, गुडघे जातात"

हा सगळ्यांत मोठा धसका, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. घाईने, चुकीच्या पद्धतीने, झेपत नसलेलं वजन उचललं तर पाठीत उसण भरतेच. पण आठवून बघा, तुमच्या पाठीत उसण भरली ती कशामुळे? पाण्याची बादली, गादी, कुंडी. म्हणजे वजन तर आपण उचलतोच. फक्त शिकून उचलत नाही.

दुसऱ्या ठिकाणी जी ट्रेनर मिळाली, तिने पहिल्या दिवशी हातात वजन दिलंच नाही. झाडूचा दांडा दिला. तो पाठीवर उभा धरायचा : एक हात मानेमागे, दुसरा कमरेमागे. दांडा तीन जागी टेकला पाहिजे : डोक्याची मागची बाजू, दोन्ही फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाड. आता गुडघे किंचित सैल सोडून खुब्यातून वाकायचं, बसायची जागा मागे मागे ढकलत, जणू हात भरलेले असताना मागचं दार ढुंगणाने लोटतोय. तिन्हींपैकी एक जागा सुटली की पाठ वाकली असं समजायचं. माझा दांडा पहिल्या दिवशी दर वेळी माकडहाडापासून सुटत होता. सेहेचाळीस वर्षं मी चुकीची वाकत होते. आठ दिवस फक्त हेच केलं, मग चार-चार किलोची डंबेल्स हातात आली. डेडलिफ्ट म्हणतात तो व्यायाम हाच. तो नीट जमला की बादलीही तशीच उचलली जाते.

गुडघ्यांचंही तसंच आहे. "बैठकीत गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये," हा नियम अनेक जण छातीठोकपणे सांगतात. पण जिना उतरताना प्रत्येक पायरीला गुडघा बोटांपुढे जातोच, आणि आपल्या तालमींतले मल्ल पिढ्यान्‌पिढ्या पूर्ण बैठका मारत आले आहेत. टाच जमिनीला टेकलेली असावी आणि गुडघा बोटांच्याच दिशेने जावा, आत कोसळू नये, एवढं सांभाळायचं. गुडघ्याची झीज झालेल्यांना तर मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम उपचार म्हणूनच सांगितले जातात.

"मी बारीकच आहे, मला काय गरज?"

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघंही सडपातळ. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काटा दोघांना सारखं मोजत होता. आतला मामला वेगळा होता. आपल्याकडे कितीतरी बारीक दिसणाऱ्या माणसांचं असंच असतं : स्नायू कमी, चरबी जास्त, आणि ती पोटात.

हे महत्त्वाचं अशासाठी, की जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवून ठेवायची आपली सर्वांत मोठी कोठी म्हणजे स्नायू. कोठीच लहान असेल तर धान्य अंगणात सांडणार. ज्या समाजात कितीतरी घरांत कुणाला ना कुणाला मधुमेह आहे, तिथे 'मी बारीक आहे' हे व्यायाम न करण्याचं कारण असूच शकत नाही. "मी रोज चालतो की!" हेही पुरेसं नाही. चालणं उत्तमच, ते सोडू नका. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबरच किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम सांगितले आहेत. आपण त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं.

"आता या वयात?"

१९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना पायांच्या वजनांचा व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. दोघांनी चालताना काठी घेणं सोडलं. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. आता ती अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन दार उघडायला उठते, मुद्दाम.

"पावडर घ्यावी लागते"

लागत नाही. भारतीय प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, अशी आयसीएमआरची शिफारस आहे. वजनांचा व्यायाम करणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत गेलेलं बरं. साठ किलोच्या बाईला म्हणजे साधारण ७२ ते ९६ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत २२ च्या आसपास, शेंगदाण्यांत २५, सोयाबीनमध्ये ३६ हून अधिक. आपल्या ताटातली अडचण अशी, की पोळी-भात भरपूर आणि वरण पातळ. वरण घट्ट करा, मोड आलेल्या मटकीची उसळ भाजीइतकी वाढा, दही-ताक-अंडी रोजची करा. तरी कमी पडलं तर पावडर हा सोयीचा पदार्थ आहे, औषध नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

आणखी दोन समजुती पटकन निकालात काढते. जिम सोडलं की स्नायूंची चरबी होत नाही. त्या दोन वेगळ्या पेशी आहेत, एकीची दुसरी बनत नाही; व्यायाम थांबतो आणि खाणं तेवढंच राहतं, म्हणून चरबी वाढते. आणि पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी उतरत नाही. कुठली आधी जाईल हे शरीर ठरवतं.

सुरुवातीला पाच हालचाली पुरतात : बसून उठणं, खुब्यातून वाकणं, ढकलणं, ओढणं आणि वजन घेऊन चालणं. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. प्रत्येक हालचाल आठ ते बारा वेळा, असे दोन-तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं दम. शेवटच्या दोन रेप्स जड जाव्यात, पण ढब बिघडू नये. बारा सहज व्हायला लागल्या की एक किलो वाढवायचं, जास्त नाही. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही.

रक्तदाब ताब्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल, हर्निया असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. तसं काही नसेल, तर उद्या सकाळी चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हातांचा आधार न घेता तिच्यावरून दहा वेळा उठा.