खुराड्यातली पहिली खबर

फेब्रुवारी २०२२ मधली गोष्ट. शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात एका कुक्कुटपालन केंद्रावर शंभरेक पक्षी पटापट मेले. नमुने तपासले तेव्हा 'एच५एन१', म्हणजेच बर्ड फ्लू निघाला. मग एक किलोमीटर परिघातले सुमारे २५ हजार पक्षी मारायचं ठरलं.

शंभर मेले म्हणून पंचवीस हजार मारायचे? तानसा-मुरबाडकडे परसातली गावठी कोंबडी म्हणजे अडीनडीला विकता येणारं घरचं धन. तिथल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण मंडळी, हा विषाणू विष्ठेतून पसरतो. खाद्याच्या गोणीला, चपलेला, टेम्पोच्या चाकाला चिकटून पुढच्या शेडमध्ये जातो. लक्षणं दिसेपर्यंत तो शेजारी पोचलेलाही असतो. म्हणून धडधाकट पक्षीही मारून, चुना टाकून खोल खड्ड्यात पुरतात आणि भोवतालच्या दहा किलोमीटरांत नजर ठेवतात. २००६ साली नवापूरला देशातली पहिली साथ आली, तेव्हाही असंच वर्तुळ आखलं होतं.

हा आजार माणसाला क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. त्यासाठी आरोग्य कर्मचारी घरोघर तापा-खोकल्याची चौकशी करतात. पक्षी मारणाऱ्या पथकातल्या लोकांची प्रकृतीही पुढे दहा दिवस पाहिली जाते. नीट शिजवलेल्या चिकनला, अंड्यांना मात्र भिऊ नका. ७० अंशांच्या उष्णतेत विषाणू मरतो.

माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. वर्तुळ आखायला मध्यबिंदू लागतो, आणि तो कोंबड्या पाळणाराच सांगू शकतो. इथंच गाडं अडतं. तुरा काळानिळा पडला, मान वाकडी झाली, की 'मानमोडी आली' म्हणून माणूस गप्प बसतो. नाहीतर उरलेले पक्षी येईल त्या भावानं बाजारात काढतो. त्याला तरी दोष कसा द्यावा? सरकार भरपाई देतं ती मारलेल्या पक्ष्यांची. रोगानं आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे खबर द्यायला जितका उशीर, तितका तोटा त्याचाच. हा हिशेब पाड्यावरच्या बाईला साथ येण्याआधी समजावून सांगायला हवा. पथक दारात उभं राहिल्यावर तिला तो पटणार नाही.

तेव्हा खुराड्यातल्या दोन-चार कोंबड्या एकदम मेल्या, तर उघड्या हातानं उचलू नका, कुत्र्यांपुढे किंवा ओढ्यात टाकू नका. पोरांना लांब ठेवा आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.