हेन्री आठवा एका वर्षात बदलला?

वॉरिकशायरमध्ये 2019 साली जमिनीतून निघालेलं सोन्याचं हृदयाकृती पदक विकत घेण्यासाठी ब्रिटिश म्युझियमने 35 लाख पौंडांच्या निधीचं आवाहन केलं आणि इंग्लंडचा राजा आठवा हेन्री पुन्हा चर्चेत आला. पदकावर त्याचं आणि पहिली राणी कॅथरिन हिचं आद्याक्षर आहे. त्याचा गुलाब आणि तिचं डाळिंब एकाच झाडाला लागलेलं दाखवलं आहे. पुढे दोन राण्यांचा शिरच्छेद करवणाऱ्या राजाची ही निशाणी! मग हा माणूस बदलला केव्हा?

इतिहासकार सुझाना लिप्सकम यांचं उत्तर आहे: 1536 मध्ये. 2009 च्या पुस्तकातून आणि जाहीर व्याख्यानांतून त्यांनी हे एकच वर्ष उलगडून दाखवलं आहे, आणि ते विलक्षण आहे. 7 जानेवारीला कॅथरिन वारली. 24 जानेवारीला ग्रिनिचच्या भालाझुंजीत 44 वर्षांचा राजा घोड्यावरून कोसळला. 29 जानेवारीला, कॅथरिनच्या दफनाच्याच दिवशी, दुसरी राणी ॲन बोलिन हिचा गर्भपात झाला. 19 मे रोजी व्यभिचाराच्या आरोपावरून तिचं शिर उडवलं गेलं. जुलैत अनौरस का होईना, पण एकुलता मुलगा गेला. ऑक्टोबरात उत्तरेत बंड पेटलं. लिप्सकम यांच्या मते या वर्षाने हेन्रीच्या पुरुषार्थालाच घाव घातला. पाय फाकवून उभा असलेला, आपल्या सर्वांच्या ओळखीचा हेन्री चित्रकार होल्बाइनने रंगवला तो त्यानंतर लगेच, 1537 मध्ये. मला त्यांच्या मांडणीतला हा धागा सर्वांत मोलाचा वाटतो.

लोकांच्या लक्षात मात्र राहतो तो घोड्यावरून पडण्याचा प्रसंग. डोक्याला मार बसला आणि राजा क्रूर झाला, ही कथा सोपी आहे. पण राजा दोन तास बेशुद्ध होता, ही माहिती पवित्र रोमन सम्राटाचा इंग्लंडबाहेर बसलेला प्रतिनिधी ऑर्टिझ याच्या ऐकीव पत्रातली आहे. लंडनमध्येच असलेला त्याच सम्राटाचा राजदूत शापुई लिहितो की राजा वाचला हाच चमत्कार, त्याला इजा झाली नाही. मेंदूच्या दुखापतीचं निदान पाचशे वर्षांनी करणाऱ्यांनी शापुईचं पत्र आधी वाचावं.

आणि 1536 पूर्वीचं काय? राजाला विरोध करणारे टॉमस मोर आणि बिशप फिशर यांना 1535 मध्येच मारलं गेलं. ड्यूक ऑफ बकिंगहॅमचा शिरच्छेद 1521 मध्ये झाला. 1536 या वर्षाने राजाचा धीर संपवला, हे मान्य. पण नकोशा माणसाचा काटा काढण्याची सवय त्याला आधीच जडली होती. वडिलांचे वसुली अधिकारी एम्पसन आणि डडली यांच्यावर लोकांचा राग होता. लोकप्रियतेसाठी तरुण हेन्रीने गादीवर येताच त्यांना कैद केलं आणि ऑगस्ट 1510 मध्ये दोघांचा शिरच्छेद करवला. तेव्हा तो 19 वर्षांचा होता.