भेकांचा शोध आणि संगोपन

बेडूक आणि भेक यांत सामान्य माणूस फारसा भेद करीत नाही. वस्तुतः तो सहज ओळखता येतो. बेडकाची त्वचा बहुधा ओलसर व गुळगुळीत असते. भेकाची त्वचा कोरडी व उंचवट्यांनी भरलेली असते. बेडूक लांब उडी घेतो, भेक आखूड उड्या मारीत सरकतो. भारतात सर्वत्र आढळणाऱ्या साध्या भेकाचे शास्त्रीय नाव ‘डट्टाफ्रिनस मेलॅनोस्टिक्टस’ असे असून, त्यातील पहिला शब्द २००६ साली भारतीय उभयचरतज्ज्ञ सुशीलकुमार दत्त यांच्या गौरवार्थ योजण्यात आला.

भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारा पांढरट द्रव विषारी असतो. भेकास स्पर्श केल्याने चामखीळ होते ही समजूत मात्र निराधार आहे; चामखीळ विषाणूमुळे होते. तथापि भेक हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत व ते डोळ्यांस लावू नयेत.

दिवसा हा प्राणी दगड, विटा किंवा कुंड्यांखाली दडून बसतो. रात्री दिव्याखाली पडणारे किडे टिपण्यास तो बाहेर येतो. पावसाच्या जोरदार सरींनंतर डबक्याकाठी लांबलचक, कंपयुक्त आवाज ऐकू आला, तर तेथे नर मादीस साद घालीत आहेत असे समजावे. विणीच्या काळात नराचा गळा पिवळसर होतो व त्याच्या हाताच्या आतील बोटांवर काळसर, खरखरीत गाद्या उमटतात. त्यांच्या साहाय्याने तो मादीस घट्ट धरून ठेवतो.

नर-मादी पकडून पेटीत ठेवले की प्रजनन होईल, असे समजण्याचे कारण नाही. पाऊस, तापमान, पुरेसे पाणी व शरीरातील संप्रेरके यांचा मेळ जुळावा लागतो. पेटीत तो क्वचितच जुळतो. म्हणून निरीक्षकाने प्रौढ भेकांना त्यांच्या डबक्यातच राहू द्यावे आणि पाण्यातील अंड्यांचा शोध घ्यावा. बेडकांची अंडी बहुधा पुंजक्यांत किंवा पापुद्र्यात असतात. भेकाची काळी अंडी पारदर्शक, चिकट दोऱ्यांत माळेसारखी ओवलेली असतात. या माळेचा वीतभर तुकडा पुरे. अभयारण्यातून मात्र परवानगीवाचून काहीही उचलू नये.

पसरट भांड्यात त्याच डबक्याचे पाणी घ्यावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन भैकेरांस घातक ठरते. उष्ण हवेत एक-दोन दिवसांत अंड्यांतून ही शेपटीची पिले, म्हणजे भैकेर, बाहेर पडतात. शेवाळ व उकडलेला पालक यांवर ती वाढतात. उरलेले अन्न लगेच काढून टाकावे, नाही तर पाणी नासते. ती घोळक्याने राहतात. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील सैदापूर व गिरीश यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हे भैकेर आपल्या सख्ख्या भावंडांना ओळखून त्यांच्याजवळ राहतात असे दिसून आले.

प्रथम मागचे पाय दिसतात, मग पुढचे. पुढचे पाय फुटताच भांड्यात पाण्याबाहेर येणारा उतरता दगड ठेवावा. फुप्फुसांनी श्वास घेऊ लागलेला भेक अन्यथा बुडून मरतो. या सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या पिलांना मावा, बारीक मुंग्या असे जिवंत भक्ष्य सतत लागते. घरी ते पुरविणे कठीण असल्याने, पाय फुटताच त्यांना मूळ डबक्याकाठी सोडावे.

मूळ डबक्याकाठीच, यास कारण आहे. दुसऱ्या पाण्यात सोडलेला प्राणी त्वचेचा बुरशीजन्य रोग नेऊ शकतो. हाच भेक मादागास्करमध्ये मनुष्याकरवी पोहोचला व २०१४ साली तेथे त्याची नोंद झाली. त्याच्या विषाची सवय नसलेल्या तेथील भक्षक प्राण्यांना त्याच्यापासून धोका आहे.

उलट टांझानियातील किहान्सी धबधब्याच्या तुषारांवर जगणारा चिमुकला भेक केवळ संगोपनामुळे वाचला. २००० साली धरणाने पाणी वळविले, तेव्हा सुमारे ५०० भेक अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत नेण्यात आले. २००९ साली ती जाती निसर्गातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. २०१२ साली तिची संतती त्याच दरीत परत सोडण्यात आली. आपल्या साध्या भेकास अशा आश्रयाची गरज नाही. त्याला हवे ते पावसाने भरणारे, न बुजविलेले डबके.