आयटीआयची पोरगी मधूनच घरी का बसते?

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि एक ताई उठता उठता म्हणाली, "आमची पोरगी आता आयटीआयला जायचं नाही म्हणते. रोज पोट दुखतं म्हणते." आम्ही लगेच सल्ला देऊन मोकळ्या झालो : नाटकं असतील, मोबाईल काढून घ्या. घरी गेल्यावर मात्र आमचं आम्हालाच बरं वाटेना. एवढ्या हौसेनं वीजतंत्रीला प्रवेश घेतलेली मुलगी उगाच कशाला नाटकं करेल?

मग आम्ही दोघीजणी तिच्याशी बोललो. "का जात नाहीस?" असं विचारलं नाही. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय करतेस ते सांग," एवढंच म्हणालो. पहाटे उठून भाकरी थापायच्या, सहाची एसटी धरायची, तिथं कार्यशाळेत तासन् तास उभं राहायचं. वर्गात मुली दोनच. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, म्हणून ती घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाणीच प्यायची नाही. लघवी तुंबवून ठेवायची. पोट दुखणारच की! डॉक्टरांकडे नेलं तर लघवीला जंतुसंसर्ग निघाला.

दुखण्यापायी आठ-दहा दिवस बुडाले आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. आयटीआयचं शिक्षण भिंतीसारखं असतं, खालचा थर नसेल तर वरची वीट बसत नाही. जिन्याचा एकच दिवा खालून आणि वरून, दोन्ही बटणांनी कसा लावायचा, हे वायरिंग तिच्या गैरहजेरीत शिकवून झालं होतं. परत गेली तेव्हा सगळ्यांसमोर निदेशक म्हणाले, "तुला जमायचं नाही." दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा दुखलं. या खेपेचं दुखणं भीतीचं होतं, पण दुखत खरंच होतं. ते खोटं म्हणून आम्ही मोबाईल काढून घ्यायला निघालो होतो.

शिक्षण सुटतं ते असं, एकेका दिवसानं. शेवटच्या परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. शंभर दिवसांत वीसपेक्षा जास्त खाडे झाले की वर्ष धोक्यात. पाळीचे दोन-तीन दिवस, घरचं लग्न, सुगीची कामं, चुकलेली एसटी यातच वीस दिवस कधी संपतात ते कळत नाही. म्हणून खाड्यांचा हिशेब आईनं दर महिन्याला विचारावा.

अंगात रक्त आहे का, तेही बघा. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या दर 100 मुलींमागे 59 जणींना रक्तक्षय आढळला. अशी पोरगी दिवसभर उभी कशी राहणार? आपण तिला आळशी म्हणतो. आशाताईंना सांगून रक्त तपासून घ्या, लोहाच्या गोळ्यांचं विचारा आणि डब्यात भाकरीबरोबर उसळ द्या.

मुलग्यांचं दुखणं थोडं निराळं. सुगीत रोजानं पैसे मिळाले की वर्ग नकोसा होतो, आणि खरं बोलायचं तर घरालाही ते पैसे हवेच असतात. पण मदतनीस म्हणून लागलेला पुष्कळदा मदतनीसच राहतो. प्रमाणपत्र हाती असेल तर 1961 च्या कायद्याखाली कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते, दरमहा विद्यावेतन मिळतं. दोन वर्षांचा ट्रेड पुरा केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही असते.

तर आम्ही चौघीजणी आईला घेऊन संस्थेत गेलो. भांडायला नाही, पण गप्प बसायलाही नाही. प्राचार्यांना कडीचं सांगितलं. चार दिवसांत कडी बसली. नळाच्या पाण्याचं रडगाणं अजून आहे, पुन्हा जाणार आहोत. निदेशकांना म्हणालो, बुडालेली प्रात्यक्षिकं सुटल्यावर करून घ्या. आधी नाराज झाले, मग तयार झाले. शिकवायला माणूस चांगला आहे, जिभेला तेवढी धार आहे.

पोरगी जेवत नसेल, झोपत नसेल, "मी नसलेलीच बरी" असं काही बोलली, तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि तिला एकटी सोडू नका. 14416 हा टेली-मानसचा फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलामुलींसाठी 1098 आहे. हे दोन्ही आकडे गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आमची ही मुलगी सध्या जाते आहे. हजेरी अजून काठावर आहे, त्यामुळे दिवाळीनंतर एकही खाडा चालणार नाही. घरच्या भाकरी आता तिचा भाऊ थापतो. वाकड्यातिकड्या होतात, पण खातात सगळे.

पुढच्या वेळी शिष्यवृत्तीच्या कागदांविषयी बोलू. तोवर तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.