मुक्या काट्यांची कैफियत

मोटारीच्या दर्शनी फलकावरील वेगाचा काटा अकस्मात शून्यावर निपचित पडला आणि इशाऱ्याचे सर्व दिवे एकदम पेटले, की फलकच निकामी झाला असा निवाडा देऊन तो बदलण्याची घाई पुष्कळदा केली जाते. वस्तुतः दोष त्याच्यापर्यंत वार्ता पोहोचविणाऱ्या तारांत असण्याचाही संभव असतो. बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केलेल्या ‘कॅन’ पद्धतीत इंजिन, ब्रेक व फलक यांचे नियंत्रक एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरूनच परस्परांशी व्यवहार करतात, आणि या जोडीच्या दोन्ही टोकांना सामान्यतः प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो.

तपास क्रमाने व्हावा. स्कॅनरवर ‘यू’ या अक्षराने आरंभ होणारा दोषसंकेत आढळल्यास ती संपर्कभंगाची साक्ष समजावी. ‘यू०१५५’ हा संकेत फलकाशी संपर्क तुटल्याचे सांगतो. मग फलकाचा फ्यूज आणि अर्थिंग पारखून, बॅटरी सोडवून, निदान-सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकांच्या पिनांमधील रोध मल्टीमीटरने मोजावा. सुमारे ६० ओहम आले तर दोन्ही टोके शाबूत, १२० आले तर एक टोक तुटलेले, आणि शून्यानजीक आले तर तारा एकमेकींना चिकटलेल्या. सॉकेट आणि या तारा यांच्यामध्ये गेटवे नावाचा मध्यस्थ नियंत्रक असलेल्या मोटारीत मात्र हेच मापन फलकाच्या जोडणीपाशी करावे लागते. एवढी चौकशी पुरी झाल्यावाचून नव्या फलकाचा खर्च मंजूर करू नये.