एका अंडरटेकरला पाच

२४ जुलै २०२५ला पैलवान हल्क होगन वारला. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एरवी सुप्रभात आणि गुंठेवारीपलीकडं काही येत नाही. त्या रात्री एकानं एवढंच लिहिलं, 'रँक वन गेला.' चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या, साखर वाढलेल्या सगळ्यांना कळलं. मग दोन दिवस कोणाकडं कोणाचं कार्ड अजून देणं आहे यावरून भांडणं चालली. माझीही तीन येणी आहेत. ती मी सोडलेली नाहीत.

काडेपेटीचे छाप, गोल्डस्पॉटच्या बुचातले मोगली आणि बगीरा, बिगफन बबलगममधली क्रिकेटवाल्यांची चित्रं, हे सगळं आमच्या थोरल्या भावांचं. त्यांनी त्यावर लिहावं. आमचा काळ सुरू झाला तो गल्लीत डिश आली तेव्हा. १९९१ला स्टार टीव्ही आला, पुढं केबलवाल्यानं कोल्हापुरातल्या आमच्या पेठेच्या कौलांवरून काळी वायर ओढली आणि प्राइम स्पोर्ट्सवर डब्ल्यूडब्ल्यूएफची अमेरिकन कुस्ती दिसायला लागली. पाठोपाठ महाद्वार रोडच्या दुकानांत त्यातल्या पैलवानांची ट्रम्प कार्डं लटकली. छपाई भडक, स्पेलिंगं चुकलेली, कडा आठवड्यात फुटणाऱ्या. कोणी छापली, कोणाला विचारून छापली, याची चौकशी आम्ही कशाला करतोय? एका कंपनीच्या पाकिटात ब्रेट हार्ट चौथा, दुसऱ्या कंपनीच्या पाकिटात अकरावा. यावरून मारामाऱ्या व्हायच्या आणि दोन्ही बाजू खऱ्या असायच्या.

खेळ सोपा. पत्ते वाटायचे, वरचं कार्ड बघायचं आणि रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाइट्स यांतलं एक ओरडायचं. ज्याचा आकडा भारी, त्याला समोरचं कार्ड. रँकला मात्र उलटं, लहान आकडा भारी. योकोझुना आला की डोळे मिटून वेट म्हणायचं, तो पाचशे पौंडांच्या पुढं. जायंट गोन्झालेस आला की हाइट, आठ फूट, विषय संपला. होगनचे बायसेप्स चोवीस इंच. वन टू थ्री किड आला की काहीही म्हणा, कार्ड गेलं.

मधल्या सुट्टीत जिंकलेलं परत द्यायचं नाही, असा नियम होता. त्यामुळं कोणाचंच पाकीट पुरं राहायचं नाही, आणि त्यातून बाजार उभा राहिला. पाण्याच्या टाकीमागं तो भरायचा. एका अंडरटेकरला पाच साधी. कोपरा दुमडला असेल तर चार. परीक्षेच्या आधी भाव पडायचे, कारण घरी झडती होण्याच्या भीतीनं पोरं माल काढून टाकायची. आमच्यातला एक ढापण्या त्याच दिवसांत खरेदी करायचा आणि जूनमध्ये विकायचा. तो पुढं शेअर बाजारात गेला नाही, संस्कृतचा शिक्षक झाला. याचा मला अजून उलगडा होत नाही.

अंडरटेकरचा भाव चढण्यामागं एक अफवा होती. तो मरून परत येतो. १९९४च्या जानेवारीत योकोझुनाशी झालेल्या कुस्तीत त्याला शवपेटीत घातलं, ऑगस्टमध्ये तो परतला, तेही समोर दुसरा तोतया अंडरटेकर उभा असताना. १९९६ला 'खिलाडियों का खिलाडी' आला आणि अक्षयकुमारनं अंडरटेकरला उचललं. आम्ही हवालदिल. त्या दिवसांत अंडरटेकर तिनावर आला होता. पडद्यावरचा तो माणूस ब्रायन ली होता, म्हणजे तोच तोतया, हे कळायला इंटरनेट यावं लागलं. तोवर माझा अस्सल मी तिनाला देऊन बसलो होतो.

आता एक जुना हिशोब. आमच्या एका सरांनी माझी गड्डी जप्त केली. 'वार्षिक परीक्षेनंतर न्या,' म्हणाले. नंतर म्हणाले, हरवली. पुढच्या वर्षी खालच्या वर्गातल्या पोराकडून मी ब्रेट हार्ट घेतला, तर मागं बॉलपेननं काढलेलं माझंच अक्षर! पोरगं सरांचा पुतण्या निघालं. माझंच कार्ड मी दोन कार्डं देऊन सोडवलं. सरांना पुढं आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला, सत्काराला मी गेलो नाही.

घरी आजोबा होते. खासबागेतल्या कुस्त्या बघण्यात जन्म गेलेला माणूस. त्यांनी एकदा गड्डी हातात घेतली, एकेक पान चाळलं आणि विचारलं, "आरं, ह्यो कुठल्या तालमीचा? मांडी बघ की, हा बैठका मारतोय व्हय?" मी चिडलो. ते बरोबर होते. हा खेळ ठरवून होणारं मनोरंजन आहे, असं डब्ल्यूडब्ल्यूएफनं न्यू जर्सीत १९८९लाच कबूल केलं होतं. १९९४च्या जुलैत होगननं कोर्टात शपथेवर सांगितलं की आपण वर्षानुवर्षं स्टेरॉइड्स घेतली. आम्ही तेव्हा टाकीमागं 'बायसेप्स चोवीस' ओरडत होतो. गोन्झालेस तर अर्जेंटिनाचा बास्केटबॉलवाला. त्याच्या अंगावरचे स्नायू कापडावर रंगवलेले होते.

शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानाच्या गावात राहून आम्हाला श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर, मारुती माने या हिंदकेसरींचा एकही आकडा पाठ नव्हता. त्यांची कार्डं कोणी छापलीच नाहीत. खाशाबा जाधवांचं तरी छापायचं. पण खाशाबांनी १९५२ला हेलसिंकीत कांस्य घेतलं ते ५७ किलोच्या गटात. वेटला हार, चेस्टला हार, हाइटला हार. एका खाशाबाला अर्धा वन टू थ्री किडसुद्धा कोणी दिला नसता.

पुढची वर्षं मी झरझर ओलांडतो. चिप्सच्या पाकिटात टॅझो आले, पोकेमॉन आला, २००२ला डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं, स्लॅम अटॅक्सची कार्डं आली. त्यात मला गम्य नाही.

खटकतं ते हल्लीचं. २०२२च्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या रेसलमेनियात यूट्यूबर लोगन पॉल गळ्यात पोकेमॉनचं एक पिकाचू कार्ड अडकवून आला. ५२ लाख ७५ हजार डॉलरचं, प्लास्टिकच्या डबीत बंद. डबीवर कार्डाच्या अवस्थेला दहापैकी दहा गुण. कुस्तीच्या आखाड्यात आलं आणि तरी कोणी ते खेळू शकत नाही, असं कार्ड. माझा भाचाही आपली कार्डं पारदर्शक खोळीत ठेवतो. मी हात पुढं केला तर म्हणाला, "मामा, नको ना, व्हॅल्यू जाते." कोणाशी बदलतोस का, विचारलं. त्यानं मोबाइलवर कोण्या परदेशी दुकानातला आजचा भाव दाखवला. टाकीमागं भाव आम्ही ठरवत होतो, भांडून, रडून, प्रसंगी चावून.

त्यानंच शोधून दाखवलं की आमची ती चुकीच्या स्पेलिंगची ट्रम्प कार्डंही आता 'व्हिंटेज' म्हणून विकायला असतात. वापरलेली स्वस्त, सीलबंद पाकीट महाग. सीलबंद! नव्वदच्या दशकात पाकीट विकत घेऊन ते न उघडता ठेवणारं पोरगं कुठल्या शाळेत होतं, मला त्याच्या वर्गशिक्षकांना भेटायचंय.